दार उघडण्याआधीचा खोकला

पारगावच्या एका लग्नात मी माईकवर ऐन रंगात आलो होतो. "वधूचे मामा जिथं असतील तिथून, हातातली जिलबी संपवून, त्यांनी ताबडतोब मंडपात यावं!" म्हणालो आणि शेवटचा शब्द हवेतच विरला. माईक बंद. वायर सुटली असेल म्हणून मागं वळलो, तर मशीनजवळ बसणारा शिवा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. त्याचा मालक आणि माझा मित्र रोहिदास गेल्याचं मला असं कळलं... आवाज गेल्यावर.

रोहिदास आळे गावचा मंडप-स्पीकरवाला. मी जुन्नरला मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत निवेदक. मी बोलायचो, तो ते लोकांना ऐकू जाईल असं करायचा. लग्नसराई संपली की पन्नाशीतला हा गृहस्थ कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, आणि गेम निवडायची त्याची रीत अशी, की तशी कुणी सूनही निवडली नसेल. खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचायचे, पण स्तुती सोडून. "आधी शिव्या वाचायच्या राव. त्यातबी बघायचं, शिव्या देणारा किती तास खेळलाय. महिनाभर खेळून शिव्या घालतोय म्हंजी तो जावई हाय. तीन येळा वाढून घेतो आन् मग म्हणतो, मीठ कमी व्हतं. असला गेम डोळं झाकून घ्यायचा!"

घ्यायचा तोही अर्धवट असताना. परदेशात कुणी दोघं-तिघं गेम बनवायला घेतात, पूर्ण होण्याआधीच विकायला काढतात आणि घेणाऱ्यांचं ऐकत ऐकत पुढचा भाग बांधतात. बांधला तर. मी म्हणालो, "म्हणजे बिनछपराच्या घरात राहायला जायचं?" तो म्हणाला, "आत राहायचं आन् सांगायचं, खिडकी कुठं पायजे."

असाच एक गेम त्यानं घेतला. जंगलाच्या कडेला एक लाकडी घर, बाहेर काहीतरी फिरतंय, ते दिसत नाही. मागच्या बाजूला एक दार, त्यावर पाटी : 'हे दार पुढच्या आवृत्तीत उघडेल.' घरातली बाकीची दारं मात्र खेळणारा खुशाल धाडकन उघडायचा. रोहिदास चिडला. त्याचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीनं बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, तिथं असं दार कोण उघडतो? त्यानं चक्क मराठीत अभिप्राय ठोकला : 'शिफारस करत नाही. आमच्यात शेंबडं पोरबी दार असं उघडत न्हाई. आधी आतून दार बडवा, खोका, थांबा, मग उघडा. भाईरच्याला जायला येळ द्या.'

बनवणाऱ्या दोघी बहिणी होत्या, कुठल्याशा थंड देशातल्या. त्यांचं उत्तर आलं : आवाज पाठवाल का?

काय तो सोहळा! लग्नातला सगळ्यात भारी माईक मागच्या पत्र्याच्या दारापाशी लावला. नंदावहिनींनी काठीनं पत्रा बडवला. खोकायला मी पुढं सरसावलो, तर रोहिदास म्हणाला, "सरक. तुझा खोकला नाटकी हाय. बिबट्या टाळ्या वाजवंल." आणि तो स्वतः खोकला. छान, खणखणीत. मग पुन्हा खोकला. मी म्हणालो, "झालं की रेकॉर्डिंग." तो म्हणाला, "रेकॉर्डिंग झालं... ह्यो थांबत न्हाई."

छातीचा फोटो काढला, पुण्याला नेलं. डॉक्टरांनी फुप्फुसाचं नाव घेतलं आणि वहिनींना बाहेर बोलावलं. इकडं गेममध्ये बडवायचं बटण आलं आणि जगभरातली माणसं दारं उघडण्याआधी रोहिदासचा खोकला वाजवू लागली. मागचं दार तेवढं बंदच. मग त्या बहिणी गप्प झाल्या. अभिप्रायांत लोक लिहू लागले, 'पळाल्या, घेऊ नका.' रोहिदास खाटेवरून मला एकच विचारायचा, "दार आलं का रे?" ते उघडलेलं बघायचं, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं.

शेवटचा अभिप्राय त्यानं सांगितला, मी टाइप केला. "लिही. बिबट्या आवाजाला भितो ते पयल्यांदा. मग सरावतो. रेडिओ लावला तरी कुंपणाशी येऊन बसतो. तुमचं जनावर मठ्ठ हाय. आतला आवाज ऐकून ऐकून त्यानं शिकलं पायजे." मी विचारलं, शिफारस करतो की नाही? "करतो. अर्धवट हाय... पण करतो."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, यांच्या कॉम्प्युटरवर कायतरी आलंय." गेम पूर्ण झाला होता. भर दुपारी मी त्याच्या खुर्चीवर बसलो, वहिनी मागं उभ्या. दारावरची पाटी गेली होती. मी बडवायचं बटण दाबलं. पत्रा वाजला, रोहिदास खोकला. वहिनींचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. मग शांतता... आणि दाराच्या पलीकडून, बाहेरून, तोच पत्रा. तोच खोकला.

त्याचं ऐकलं होतं त्या बहिणींनी. जनावर आतला आवाज काढायला शिकलं होतं.

"उघडा की भावजी," वहिनी हळू म्हणाल्या. "किती येळ भाईर उभं ठेवायचं त्यांना?"

तो शेवटचा अभिप्राय मी टाइप केला होता, वहिनींनी वाचला नव्हता. "थांबा वहिनी," एवढंच म्हणालो, "आधी बडवायचं असतं." आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

ते दार अजून उघडलेलं नाही. आळ्याला गेलो की वहिनी चहा ठेवतात, कॉम्प्युटर लावतात आणि माझ्या मागं येऊन उभ्या राहतात. मी बडवतो. रोहिदास आतून खोकतो. मग आम्ही दोघं थांबतो, बाहेरच्याला वेळ देतो... तो जात नाही. दर वेळी खोकला थोडा जवळून येतो.