कंपनीवाल्यांची चूक

कारखान्यातून बाहेर पडलेली कुठलीही वस्तू चारही बाजूंनी थोडी जास्तच असते आणि ती कापून बरोबर करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी श्रद्धा असलेले गृहस्थ अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहेत आणि ते नेमके माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, यजमान. वडीगोद्रीजवळ त्यांची मोसंबीची बाग आहे आणि त्या बागेसाठी घेतलेला एक छोटा ट्रॅक्टर. तो मुळातच छोटा होता, साडूंच्या हाती लागल्यावर आणखी छोटा झाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचे मडगार्ड कापले. उभा सायलेन्सर फांद्यांना लागतो म्हणून तो वाकवून आडवा केला. तेव्हापासून सगळा धूर त्यांच्या डाव्या कानात जातो. गावात त्या ट्रॅक्टरला ‘बोडक्या’ म्हणतात. साडूंना त्याचं काही वाटत नाही, कारण डाव्या कानानं हल्ली त्यांना ऐकूच येत नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक सुतळीचा तुकडा असतो आणि त्याला दोन गाठी असतात. त्या दोन गाठींमधलं अंतर म्हणजे बागेतल्या दोन ओळींमधून फांदीला न लागता जाण्यापुरती वाट. दुकानात गेल्यावर माणसं अवजाराची ताकद विचारतात, निदान किंमत तरी विचारतात. साडू खिशातून सुतळी काढतात, अवजारावर आडवी धरतात आणि कुणीतरी वारल्यासारखा चेहरा करतात. एकदा हायवेवरच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर रोटाव्हेटर बघायला गेलो होतो. सेल्समन बिचारा पात्यांचं पोलाद किती चांगलं आहे हे घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “समदं बराबर हाये. फक्त दोन्ही बाजूनं वीतभर कापावं लागंल.”

“काका, कापलं तर वॉरंटी जाईल!”

“जाऊ द्या. वॉरंटीला काय बागेत घेऊन फिरायचंय?”

नवीन अवजार दुकानातून निघालं की घरी जात नाही. आधी वेल्डिंगवाल्याकडे जातं आणि बाळाचं जावळ काढावं तसं तिथे त्याचे कानकोपरे उतरवूनच मग गावात शिरतं. रोटाव्हेटर झाला, माती उकरायची पंजी झाली, फवारणीचा ब्लोअर झाला. बैलाचा जुना वखर ट्रॅक्टरला जोडायचा प्रयोगही झाला. पहिल्याच वळणावर वखर मागे राहिला आणि साडू बांधापर्यंत नुसताच ट्रॅक्टर चालवत गेले. ऐकू येत नसल्यामुळे ओरडणाऱ्यांचाही उपयोग झाला नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा हसनाबादला झाला. साडूंच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही तिथे गेलो होतो. पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी आली, सगळं रीतसर चाललं होतं, फक्त साडू जागेवर नव्हते. पाहुण्यांच्या अंगणात एक पेरणीयंत्र उभं होतं. ते तिथे सुतळी घेऊन बसले होते. थोड्या वेळानं ग्रीसचे हात घेऊन ते बैठकीत आले. मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, “मंग, पाव्हणं? कसं वाटलं?” साडू म्हणाले, “पसंत हाये. फक्त डाव्या बाजूनं जरा कापावं लागंल.” एका म्हाताऱ्या आत्याबाईंच्या हातातली बशी खाली पडली. लग्न जमलं ते केवळ त्या मुलीला हसू आवरलं नाही म्हणून. सून म्हणून आल्यावर आजही ती साडूंना वाढताना भाकरी दाखवून विचारते, “मामंजी, कापू का?”

या सगळ्यामागे साडूंचं एकच तत्त्वज्ञान होतं. “कंपनीवाल्यांनी जिंदगीत मोसंबीचं झाड बघितलेलं न्हाई, सर. रुंद अवजारं काढून राह्यले नुसती.” मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे माझ्यापुढे हे व्याख्यान जरा लांबतं. आक्कांनाही ते पाठ होतं. “लई छळलं हो ह्या कंपन्यांनी ह्यांना,” त्या अगदी मनापासून म्हणत.

बाग खरी आक्कांची. पाण्याचे हाल होते त्या सालात डोक्यावर घागरी वाहून त्यांनी रोपं जगवली. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि त्या बागेत जाईनाशा झाल्या. सुरुवातीला ओट्यावर बसून प्रत्येक झाडाची चौकशी करायच्या, बहर कसा आहे, डिंक्या रोग कुठल्या झाडाला लागला. मग हळूहळू विचारणं कमी झालं. “हल्ली काहीच विचारत न्हाई ती,” साडू एकदा मला म्हणाले. “मला भेव वाटून राह्यलं, सर.” या माणसाला कशाचं भय वाटतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. 

तेवढ्यात बांधाकडची शेवटची ओळ डिंक्यानं गेली. तिथे नवी रोपं लावायची होती आणि आक्कांशिवाय लावायची नाहीत, हे साडूंनी ठरवून टाकलं. भंगारातून जुन्या बसचं एक बाक आलं. त्याला कठडा लागला, पट्टा लागला, पाय ठेवायला फळी लागली आणि ते बोडक्याच्या मागे, रोटाव्हेटरच्या जागी, जोडलं गेलं. बाकाच्या पाठीवर ‘महिलांसाठी राखीव’ ही पाटी तशीच होती. साडूंनी ती कापली नाही. त्यांनी न कापलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

आक्का आधी नको नको म्हणाल्या, मग पाटी वाचून हसल्या आणि बसल्या. साडूंनी हायड्रॉलिकनं बाक अलगद वर उचललं आणि मुंगीच्या पावलानं ट्रॅक्टर बागेत घातला. आक्का दोन्ही बाजूंच्या पानांवरून हात फिरवत चालल्या होत्या. “ह्याला पाणी कमी पडून राह्यलं बरं का,” त्यांचा आवाज आला. पुढे ट्रॅक्टरवर साडूंची मान हलली. ते नेमकं त्यांना ऐकू आलं होतं.

शेवटच्या ओळीशी पोचल्यावर मी खुंट्या काढायला ट्रॅक्टरची पेटी उघडली. आत मोजायची टेप होती. “ही घ्या की,” मी म्हणालो. साडूंनी ती माझ्या हातातून काढून पुन्हा पेटीत कोंबली आणि माझ्या कानाशी आले.

“पयल्या बारीला ओळी अठरा फुटांवर लावा म्हणून शेतकीवाल्यांनी सांगितल्तं. टेप सापडंना. ही म्हणाली, माझं पाऊल दीड फुटाचं, बारा पावलं टाकते. मी दुसऱ्या दिवशी मोजलं, तर साडेचौदाच भरले. पर तवर तिनं समदे खड्डे खांदून काढल्ते.” त्यांनी मागे आक्कांकडे बघून घेतलं. “तिला न्हाई सांगितलं आजवर. तुमीबी सांगू नका.”

 इतक्या वर्षांचे ते रोटाव्हेटर, ती पंजी, तो ब्लोअर, तो काळा पडलेला कान!

आक्का उतरल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून जुन्या ओळीपासून बारा पावलं टाकू लागल्या. गुडघे वाकत नव्हते, एकेक पाऊल जेमतेम पुढे पडत होतं. बारावं पाऊल पडलं तेव्हा नवी ओळ जुनीपेक्षाही हातभर अलीकडे आली होती. “बराबर हाये का हो?” त्यांनी विचारलं.

“एकदम बराबर,” साडू म्हणाले आणि त्यांच्या पावलाशीच खुंटी ठोकली. मग आमच्याकडे पाठ करून त्यांनी खिशातली सुतळी काढली आणि तिला जरा आतल्या बाजूला तिसरी गाठ मारली.

परवा मी त्यांच्याबरोबर वेल्डिंगवाल्याकडे गेलो होतो. नवी झाडं पसरायला अजून अवकाश आहे, पण साडूंना दम कुठला? रोटाव्हेटर पुन्हा कापायला आणलेला बघून वेल्डिंगवाल्यानं कपाळाला हात लावला. “आता ह्याच्यात काय ऱ्हायलंय, काका?”

“काय करावं, कंपनीवाले लई रुंद काढून राह्यले,” साडू म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“खरंय,” मी म्हणालो. “त्यांना काहीच कळत नाही.”