पुनवेआधीची होडी

आमच्या उरणच्या नाक्यावर मोबाईल दुरुस्त करणारे एक काका फावल्या वेळात लॅपटॉपवर नवे अ‍ॅडव्हेंचर गेम शोधत असतात. बनवणाऱ्यांची यादी आधी बघतात. एकच नाव असलं की स्टूल पुढे ओढतात. "एकट्यानं केलेल्यात माणूस दिसतो," म्हणतात. मी दिसले की गिऱ्हाइकांना सांगतात, "सरका रे, कॉन्व्हेंटवाली आली." मग गेममधलं इंग्रजी मी त्यांना मराठीत वाचून दाखवते. एरवी मी कोणाशी फारसं बोलत नाही.

आषाढात सापडलेल्या गेममध्ये एका मुलीला हरवलेल्या भावाला शोधायला वादळात होडी लोटायची होती. काकांचा हात बटणावरच थांबला.

"नारळी पुनवेआधी होडी काढायची न्हाय."

"काका, गेम आहे हा."

"आमचा धाकटा पण असाच हसला व्हता, पोरी."

काकांच्या या धाकट्या भावाची होडी रिकामी परत आली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी लॅपटॉप मिटला.

पुनवेला समुद्राला नारळ वाहून काका थेट दुकानात आले आणि लॅपटॉप उघडून म्हणाले, "आता वाच."

होडी निघाली. भाऊ सापडत नाही, हे मला खालच्या ओळीत आधीच दिसलं. मी वरची ओळ होईल तितकी सावकाश वाचत राहिले.