पोच न आलेला संदेश

रविवारची दुपार. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथाची मुद्रिते मांडीवर घेऊन मी आरामखुर्चीत पडलो आहे. हातात पेन्सिल आहे आणि पान दोनशे चौदा मी गेली वीस मिनिटे उलटलेले नाही. पाच वाजता छापखान्यातून कुलथ्यांचा फोन येईल. त्यानंतर या पानात काही बदलता येणार नाही.

वाक्य असे आहे: ‘पूरसूचना प्रकल्पाच्या पहिल्याच पावसाळ्यात मापक श्री. गणपत वायदंडे यांनी पाण्याची पातळी वेळेत न कळविल्यामुळे मळेवाडीत तीन जीव गेले. चौकशीअंती यंत्रणा मात्र निर्दोष ठरली.’ शेवटचा भाग खरा आहे. यंत्रणा निर्दोष ठरली. ठरवणाऱ्या तिघांत मी होतो.

खणात कागदांचा एक गठ्ठा आहे. वैजयंती हिर्लेकरच्या बहिणीने तो तीन आठवड्यांपूर्वी आणून दिला. त्या प्रकल्पाचा सगळा प्रोग्राम वैजयंतीने लिहिला होता. ती जाऊन चौदा वर्षे झाली. गठ्ठा मी एकदा वाचला, परत बांधला आणि गाठ आवश्यकतेपेक्षा घट्ट मारली.

पंख्याचा आवाज लांबत जातो. ओळी सैल होतात, अक्षरे एकमेकांपासून सुटतात.

‘पंडितराव, चष्मा काढून झोपावं माणसाने.’

वैजयंती माझ्या टेबलावर बसली आहे; पंडितराव हे तिनेच मला ठेवलेले नाव. टेबल माझेच आहे, पण त्याच्या कडेला डाख मारायची सळई तापते आहे, म्हणजे ही तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा. वैजयंतीच्या हातात ते यंत्र आहे, तळहाताएवढे, हिरवट राखाडी पडद्याचे, पाठीला रेडिओचा जाड तुकडा जोडलेले. त्या काळी असे यंत्र खिशात घेऊन फिरणारा माणूस भविष्यातून आल्यासारखा चालत असे.

‘पानाशी काय करतोयस?’ ती विचारते.

‘विचार.’

‘वीस मिनिटं? तुमच्या समितीने तर पाऊण तासात उरकलं होतं.’

मी हसत नाही. ती हसते. मेलेल्या माणसांना हसण्याची घाई नसते, हे मला आताच कळते आहे.

‘गठ्ठ्यातल्या प्रोग्राममधली तुझी ती ओळ मी वाचली,’ मी म्हणतो. ‘शेजारी पेन्सिलीने लिहिलं आहेस. प्रात्यक्षिकापुरते, नंतर काढणे.’

‘मग? अक्षर लागलं ना?’

ती यंत्र माझ्यापुढे धरते. दोन पेन्सिल सेलवर सगळा कारभार. रेडिओ सतत चालू ठेवला तर सेल दुपारपर्यंत संपतात, म्हणून रेडिओ झोपवायचा, संदेशापुरता उठवायचा, संदेश सोडायचा आणि नियंत्रण कक्षाकडून पोच येईपर्यंत जागे राहायचे. पोच आली नाही तर पुन्हा सोडायचा. पोच आल्यावरच पडद्यावर अक्षरे उमटायची: ‘पोचला’.

‘टपालखात्याला हे दीडशे वर्षं कळतंय,’ ती म्हणते. ‘पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं, असं कुणी म्हणत नाही. मी काही अक्कल नवी काढली नव्हती.’

‘पण डोंगराआडून पोच यायला अकरा सेकंद लागायचे.’

‘अकरा सेकंद मंत्रिमहोदय थांबत नाहीत,’ ती संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांच्या घोगऱ्या, मऊ आवाजात म्हणते. नक्कल इतकी हुबेहूब आहे, की मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. प्रात्यक्षिकाचा मांडव आहे. गुच्छ आहेत. संचालक यंत्र उंच धरून उभे आहेत, त्यांनी कळ दाबताच ‘पोचला’ उमटते आणि टाळ्या पडतात. संदेश अजून यंत्राच्या पोटातच आहे. पुढच्या रांगेत मीही टाळ्या वाजवतो आहे, व्यवस्थित, दोन्ही तळवे जुळवून.

‘त्याने तुला भाग पाडलं,’ मी म्हणतो. ‘मी तेच लिहिणार आहे. त्या माणसाला यंदा मानपत्र मिळतं आहे. मानपत्राच्या मजकुरात दूरदृष्टी हा शब्द तीनदा आहे, मी मोजला. त्याला मी सोडणार नाही.’

‘सोडू नकोस. पण आधी नीट सांग. ती ओळ घालायला लावली त्याने. घातली कुणी?’

मी पेन्सिलीचे टोक न्याहाळतो.

‘आणि काढायची राहिली ती कुणाकडून?’

‘प्रात्यक्षिकाची प्रत संगणकावरच्या अंतिम नावाच्या खणात राहिली. चाळीसच्या चाळीस यंत्रांत तीच उतरवली गेली. अशी चूक कुणाचीही होते.’

‘कुणाचीही होते, पंडितराव. पण झाली माझी.’

आम्ही जिना उतरतो आहोत. संस्थेचाच जिना, पितळी कठडा, कोपऱ्यात पिकदाणी. मात्र पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर काळे-पांढरे पट्टे आणि आकडे रंगवले आहेत, पुलाच्या खांबावर असतात तसे. पाचशे बत्तीस. पाचशे एकतीस. खाली, जिथे स्वागतकक्ष असायला हवा, तिथे तांबडे पाणी आहे. पाण्यात एक माणूस कमरेइतका उभा आहे, आमच्याकडे पाठ करून, डोक्यावर पोत्याची खोळ. तो आकडे मोठ्याने वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. घाई नाही, पण प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा आहे.

‘ओळखतोस?’ वैजयंती विचारते.

मी त्याला एकदाच पाहिले आहे. समितीपुढे तो उभा होता, बसायला सांगायचे आम्हाला सुचले नाही. त्याच्या वहीत नोंद होती: दुपारी दोन चाळीस, पाठवला, पोचला. ती मागाहून लिहिली असावी, असे आमचे मत पडले. आमचे मत मीच शब्दांत बसवले, कारण तिघांत भाषा माझी चांगली होती.

पाण्यातला माणूस मागे न वळता म्हणतो, ‘सायेब, मशीनवर पोचला आलं व्हतं. म्हून म्या गुरं सोडाया गेलो.’

‘हो,’ मी म्हणतो.

‘सायेब, मशीनवर पोचला आलं व्हतं.’

‘हो, गणपतराव. ऐकलं.’

‘आज ऐकलं होय,’ वैजयंती म्हणते. तिच्या स्वरात टोमणा नाही, हीच खरी शिक्षा.

पाणी एक पायरी चढते. मी पाय वर घेतो आणि जे विचारायला तीन आठवडे धजलो नाही, ते विचारतो.

‘चौकशी चालू होती तेव्हा तुला माहीत होतं का? की ती ओळ आत राहिली आहे म्हणून?’

ती यंत्राचा पडदा अंगठ्याने पुसते.

‘नाही म्हटलं तर तुला बरं वाटेल?’

‘वाटेल.’

‘मग नाही म्हणू?’

‘खरं सांग.’

‘खरं मला कुठून ठाऊक असणार?’ ती म्हणते. ‘मी आता फक्त तुझ्या डोक्यात आहे. तुला जे माहीत नाही, ते मलाही नाही. माझा साठा तेवढाच.’

आयुष्यभर मी पुराव्याविषयी लिहिले. आता एकुलता एक साक्षीदार पुढ्यात उभा आहे आणि साक्षीदार मीच आहे.

‘मग तुझं नाव घालायची परवानगी तरी दे,’ मी म्हणतो.

‘परवानगी जिवंत माणसाकडे मागायची असते. गणपत आहे अजून. मुलीकडे राहतो, मळेवाडीच्या वरच्या अंगाला. त्याच्या नातवंडांना शाळेत काय म्हणतात, कधी विचारलंस?’

‘तुझ्या बहिणीला वाईट वाटेल.’

‘तिने गठ्ठा बांधून तुझ्याकडे आणून दिला. रद्दीवाला तिच्या दारावरून रोज जातो.’ ती यंत्र पाण्यात सोडते. ते बुडत नाही, पडदा वर करून हळूहळू वाहत जाते. ‘घे पेन्सिल. आणि ते तुझं असू शकेल, नाकारता येत नाही वगैरे नको. साधं लिही.’

‘सांग.’

‘गणपत वायदंड्यांनी दुपारी दोन चाळीसला पातळी कळवली होती. पोच आलेली नसतानाही यंत्राने पोचला असे दाखवले. ती ओळ संचालकांच्या सांगण्यावरून वैजयंती रघुनाथ हिर्लेकर यांनी लिहिली व नंतर काढली नाही. पुरं नाव लिही. आद्याक्षरांच्या आड लपवू नकोस मला.’

मी लिहितो. पायऱ्यांवर टेकून, पाणी घोट्याशी, एकेक शब्द. तिचे नाव लिहिताना हात थांबतो. ती थांबू देत नाही, कोपराला हलकेच ढोसते, व्याख्यानात डुलकी लागली की ढोसायची तसे.

‘झालं?’ मी विचारतो.

‘समितीत कोण कोण होतं रे?’

‘तिघे होतो. दोघे वारले.’

‘हं,’ ती म्हणते. ‘चाळीस यंत्रं कपाटात सीलबंद होती. एक उघडून पाहा, असं तिघांपैकी कोण म्हणालं?’

फोन वाजतो आहे. जिन्यावर फोन कुठे आहे, ते मी शोधतो. वैजयंती सांगत नाही. फोन वाजतो आहे, पंखा फिरतो आहे, आणि माझा पाय आरामखुर्चीच्या दांडीवर बधिर झालेला आहे.

‘सर, कुलथे बोलतोय. दोनशे चौदावर काही आहे का? नसेल तर सोडतो पुढे.’

‘आहे. लिहून घ्या.’

पानावरच्या वाक्यावर आडवी रेघ आहे. खालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीच्या ओळी आहेत, निजून लिहिल्यासारख्या उतरत्या, पण अक्षर माझे. मी वाचून दाखवतो. वायदंडे. दोन चाळीस. वैजयंती रघुनाथ हिर्लेकर. कुलथे लिहून घेतात, मधूनमधून ‘हं’ म्हणतात. मी पुढच्या ओळीवर येतो आणि थबकतो. ही ओळ मला कुणी सांगितली नव्हती.

‘सर? आहात ना?’

‘आहे. पुढे घ्या. यंत्र उघडून न पाहता वायदंडे यांना दोषी ठरवणाऱ्या अहवालाचा मसुदा दिनानाथ केशव आठल्ये यांनी लिहिला. वायदंडे यांची नोंद खरी होती.’

मग कुलथे हळूच म्हणतात, ‘सर, आठल्ये म्हणजे... संपादक म्हणून पहिल्या पानावर आहेत तेच का?’

‘तेच.’

‘संस्थेत विचारून घेऊ का एकदा?’

‘मी संपादक आहे, कुलथे. मला विचारलंत. लावा.’

फोन ठेवून मी ते पान उचलतो. शेवटच्या ओळीवर पेन्सिल इतकी दाबली गेली आहे, की खालच्या पानावर, मानपत्राच्या मजकुरासोबतच्या संचालकांच्या छायाचित्रात, त्यांच्या गुळगुळीत कपाळावर, माझ्या नावाचा ठसा उमटला आहे. बोट फिरवले की लागतो.