पूल हटविण्याच्या अभ्यासातील साहाय्यक (किरकोळ)

नाव : झहूर. मूळ राहणार : म्हसळा, जिल्हा रायगड, सध्या कंपनीची खोली, अब्बासिया, कुवेत. हुद्दा : साहाय्यक (किरकोळ). नेमणुकीचे प्रयोजन : शहराच्या मध्यवर्ती भागातील उन्नत मार्ग हटविण्याच्या शक्याशक्यतेचा अभ्यास. वास्तव्याची मुदत : सदर अभ्यास संपेपर्यंत. अन्यत्र बदली : अनुज्ञेय नाही. वर्तणूक : समाधानकारक.

साध्या मराठीत सांगायचं, तर झहूर चहा करत असे.

उन्नत मार्ग म्हणजे बाजाराच्या डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल. तो बांधला तेव्हा प्रगती म्हणून त्याचे फोटो कॅलेंडरवर छापले होते. नव्वदीच्या मध्यावर काही जाणत्या लोकांच्या लक्षात आलं की या पुलानं बाजार आणि समुद्र यांची ताटातूट केली आहे, खाली धूर कोंडतो आणि माणसं चालत नाहीत. पाडा आणि झाडं लावा, असा एक पक्ष निघाला. मग गाड्या काय समुद्रातून न्यायच्या, असं विचारणारा दुसरा पक्ष लगेच निघाला. दोघांचं समाधान करायला एका सल्लागार कंपनीला अभ्यासाचं कंत्राट मिळालं. तिनं पुलासमोरच्याच इमारतीत ऑफिस थाटलं, पुण्याचे राजन साहेब प्रमुख म्हणून नेमले आणि चहाला झहूर आणला.

राजन साहेब कंपनीचे कायमचे इंजिनिअर. एक प्रकल्प संपला की दुसऱ्यावर जायचे. झहूरचा व्हिसा मात्र त्या कंत्राटावर निघालेला. कंत्राट संपलं की व्हिसा संपला, आणि मधेच दुसरीकडे नोकरी धरायची तर कायदा आडवा. म्हणजे पूल पाडायचं ठरलं तरी झहूर घरी, नाही पाडायचं ठरलं तरी झहूर घरी. काहीच ठरत नव्हतं तोवर तो कुवेतमध्ये होता.

आणि काहीच ठरत नव्हतं. परदेशी तज्ज्ञ आले, त्यांनी कुठकुठल्या शहरांतले पूल कसे पाडले त्याच्या स्लाइड्स दाखवल्या. शहराबाहेरच्या राई भागातल्या गोदामातून लाकडी मॉडेल आलं, त्यातला पूल उचलून बाजूला ठेवता येत असे. बैठकीत पाडा-पक्ष तो उचलायचा, ठेवा-पक्ष तो परत बसवायचा, आणि शेवटी अधिक अभ्यासाची शिफारस व्हायची. झहूर दोन्ही पक्षांना सारखाच चहा द्यायचा, आपल्या लोकांना दुधाचा, कुवेती साहेबांना पुदिन्याचा. कप विसळताना राजन साहेबांना विचारायचा,

"आज काय ठरला, साहेब?"

"कसलं काय? काही नाही."

"अल्हम्दुलिल्लाह."

राजन साहेबांना वाटलं, याला नगररचनेत गोडी आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी भाषणात सांगितलं की आमचा चहावालासुद्धा शहराच्या भवितव्याचा रोज विचार करतो. टाळ्या पडल्या. झहूर तेव्हा मागे उकडीच्या मोदकांची पातेली उतरवत होता, कारण ती आणायला गाडी आणि माणूस ऑफिसचाच होता.

त्याचा विचार अलिबागला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा, सनाचा होता. तो कुवेतला आला तेव्हा ती शाळेत दप्तर ओढत होती. तिचा कोर्स पुरा होईपर्यंत इथे टिकायचं, मग पूल पाडा नाहीतर त्याला सोन्यानं मढवा. झुलेखा, त्याची बायको, फोनवर विचारायची, पूल अजून उभा आहे ना? साऱ्या म्हसळ्यात कुवेतच्या वाहतुकीची एवढी काळजी दुसऱ्या कुणाला नसेल.

दोन हजार दोनच्या सुमारास सरकारनं थोड्या दिवसांची सवलत काढली. प्रकल्पावरच्या माणसाला कंपनीनं रिलीज दिलं, तर त्याला दुसरीकडे व्हिसा लावता येणार होता. झहूरच्या मेहुण्याचा, हुसेनचा, अब्बासियात बकाला होता, आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानासारखा. त्याला माणूस हवाच होता. झहूरनं रिलीजचा कागद राजन साहेबांपुढे ठेवला. सही करायचा अधिकार त्यांचा होता, पेनही हातात होतं.

राजन साहेब वाईट मनुष्य नव्हते. असते तर सरळ नाही म्हणाले असते.

"अरे, अंतिम बैठक तोंडावर आलीय," ते म्हणाले. "आता नवा माणूस कुठून आणू? कोणाला किती साखर, तो कसला पुदिना, हे सगळं तुलाच माहीत. बैठक होऊ दे, पहिली सही तुझी."

झहूरनं मान हलवली. वर्षानुवर्षं ज्या दिरंगाईवर तो जगला होता, ती आता त्याच्यावर उलटली. आधी रमजान म्हणून बैठक पुढे गेली. मग एक मोठे साहेब लंडनला गेले, मग ते आले आणि मॉडेलमधला पूल सापडेना. रोज संध्याकाळी झहूर तेच विचारायचा, उत्तरही तेच यायचं, फक्त अल्हम्दुलिल्लाह बंद झालं. राजन साहेबांना तेही जाणवलं नाही. कागद त्यांच्या टेबलावर काचेखाली, नातवाच्या फोटोशेजारी होता.

सवलत संपली. पुढच्याच आठवड्यात बैठक झाली आणि एका तासात उरकली. पूल आहे तसा ठेवावा, अभ्यास बंद करावा. चहा दोनदा झाला.

राजन साहेबांची बदली मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीवर झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी झहूरला केबिनमध्ये बसवलं, ही पहिलीच वेळ.

"मला खरंच वाईट वाटतंय रे झहूर. नियमच असा आहे, काय करणार?"

"वाटू द्या, साहेब," झहूर म्हणाला. "त्याला कुणाची सही लागत नाय."

त्यानं समोरचा कप उचलला, विसळून उपडा ठेवला आणि किल्ली टेबलावर ठेवून तो निघाला. राजन साहेब पुढे मंडळात सांगत की माणूस जरा उर्मट झाला होता शेवटी.

कंपनीची गाडी झहूरला विमानतळावर त्याच पुलावरून घेऊन गेली. तो रस्ता जवळचा पडतो, यावर दोन्ही पक्षांचं कधीच दुमत नव्हतं.

कंपनीच्या समारोपाच्या अहवालात नोंद आहे : प्रकल्पाची सर्व उद्दिष्टे साध्य झाली असून मध्यवर्ती भागातील अनावश्यक घटक हटविण्याचे काम विनातक्रार पूर्ण झाले आहे.

त्याच महिन्यात सनानं अलिबागचं कॉलेज सोडलं.