बोरदरीची दारं

"लिहा. मौजा बोरदरी, बेचिराग," सुपरवायझर म्हणाले. घोड्यावरून उतरलेही नाहीत.

मी पेन्सिल उचलली नाही. बेचिराग म्हणजे शीव आहे, शेतं आहेत, पण दिवा लावायला माणूस नाही असं गाव. एकदा तसं लिहिलं की गावाचं नाव शेजारच्या मौज्यात जातं, आणि शाळाही तिकडेच जाते. ती शाळा माझी होती. धाड गावाहून रोज पायी येऊन चार वर्षांत मी ती उभी केली होती, आणि एका शब्दापायी ती द्यायला मी तयार नव्हतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. खानेसुमारी आली की सरकार शाळामास्तरांना मोजणीला जुंपत असे. आधी प्रत्येक घराच्या दारावर गेरूने नंबर टाकायचा, मग ठरल्या दिवशी नंबराप्रमाणे माणसं लिहायची. सोबत गावपत्रक भरायचं: भूगोल, लोकसंख्या, इतिहास. भूगोल मी लगेच भरला. उत्तरेला नाला, दक्षिणेला माळ, मध्ये काळी जमीन. नंबरही टाकून झाले. आणि आठवड्याभरात गावात उंदीर मरून पडू लागले.

प्लेगात घर सोडावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव उठलं आणि आपल्याच शिवेतल्या माळावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांच्या, झोपड्या घालून राहिलं. पण बोरदरीची एक रीत होती. घर सोडताना दार चौकटीच्या उखळीतून उचलून काढायचं आणि सोबत न्यायचं. त्यामुळे पडताळणीला आलेल्या सुपरवायझर साहेबांना गावात नुसत्या उघड्या चौकटी दिसल्या.

"एक तरी नंबर दाखवा," ते म्हणाले.

"चला, सगळे दाखवतो."

माळावर प्रत्येक खोपटाला जडशीळ सागवानी दार टेकवलेलं होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात नंबर. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही घरं नव्हेत, मास्तर."

"खानेसुमारीच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय साहेब, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर. चुली पेटल्यात. मोजून घ्या."

"मला पुस्तक शिकवू नका. ही माणसं परत जातील कशावरून? तुमचा रिपोर्ट करीन मी."

एक नंबरच्या दाराआड पाटलाची म्हातारी आई भाकरी थापत होती. गाव तिला मोठी माय म्हणे. ती पिठाच्या हातानेच बाहेर आली.

"मी जित्ती उभी हाओ, आन् तुमी गाव मेलं म्हनून लिहून राह्यले? काऊन?"

"बाई, हे सरकारी काम आहे."

"हाव ना. मंग खाली उतरा. घोड्यावरून काय दिसते तुमाले?"

साहेब उतरले. का उतरले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिने दाराच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे दोन खाचा होत्या.

"एक पानी आटलं त्या दुकायातली, एक पटकीच्या साथीतली. दोन्ही बार गाव उठलं, दोन्ही बार हे दार माह्या हातानं परत बसवलं. बसवलं का खाच पाडतो आमी. तवा तुमच्या कागदाले इचारलं नवतं. आताबी इचारनार नाही."

गावपत्रकातला इतिहासाचा रकाना मी तिथेच, तिच्यासमोर भरला: गाव दोनदा उठलं, दोनदा परत वसलं.

"यावर मी सही करणार नाही," साहेब म्हणाले.

"मग बेचिराग तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. मी इथल्या प्रत्येक माणसाचं नाव वेगळ्या कागदावर उतरवून तहसीलदारांपुढे ठेवतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारांच्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याच पेन्सिलीने शेरा लिहिला: वस्ती तात्पुरती माळावर, घरे कायम. आणि सही केली.

साथ ओसरल्यावर गाव परतलं. मोठ्या मायने तिसरी खाच पाडली, तेव्हा मी हजर होतो. शाळा जागेवरच राहिली. माझा रिपोर्ट मात्र झालाच. 'उद्धट' असा शेरा आला आणि माझी बदली पिंपळगाव राजाला झाली. तो शेरा पुसून घ्यायला मी कधी अर्ज केला नाही.

पुढच्या खानेसुमारीला नव्या मास्तरांना काम शिकवायची पाळी माझ्यावर आली. गेरू, नंबर, रकाने हे सगळं नंतर सांगितलं. आधी सांगितलं, घोड्यावरून उतरा.