न टाकलेला शब्द

सत्ता लोकांच्या हाती जाते, तेव्हा ती नेमकी कोणाच्या हातून जाते? एका चर्चासत्रात हा प्रश्न मला विचारला गेला. ‘शासनाच्या’ हे तयार उत्तर ओठांवर आले आणि तिथेच अडले. शासन आणि लोक यांच्या मध्ये, दोघांच्याही सोयीसाठी, कोणीतरी उभे असते. त्याचे पुढे काय होते, याविषयी आमचे राज्यशास्त्र फारसे बोलत नाही. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या जागी उभ्या असलेल्या एका बाईंची हकीकत तेवढी सांगता येईल.

वॉर्ड कार्यालयासमोर त्यांचे झेरॉक्सचे दुकान होते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: एक मशीन, एक काउंटर आणि टोनरच्या भुकटीने काळवंडलेला पंखा. सगळी वस्ती त्यांना झेरॉक्समावशी म्हणे. प्रत काढायला आलेल्याचा अर्ज त्या आधी वाचत, ‘अहो, सही इथे नाही, खाली’ असे बजावत, आणि प्रकरण अडलेच असेल तर मशीनवर फडके टाकून रस्ता ओलांडत. आत जाऊन शब्द टाकत. तुंबलेले गटार असो की रखडलेला दाखला, वस्तीचे गाऱ्हाणे वीसेक वर्षे याच काउंटरवरून पुढे गेले. त्याबद्दल त्यांनी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. निवृत्त बसचालक असलेले त्यांचे यजमान म्हणत, “हिचीच एक झेरॉक्स काढून ठेवा रे. एक कार्यालयात बसेल, दुसरी निदान घरी तरी येईल.”

२००८ साली नियम बदलला. वॉर्डातल्या रिकाम्या जागांचे काय करायचे हे यापुढे रहिवाशांची सभा ठरवणार होती. कार्यालयाकडे उरली फक्त अंमलबजावणी. पहिलाच विषय निघाला तो दिव्यांच्या सामानाच्या रिकाम्या गोदामाचा. मावशींची मुलगी रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची लेक अजून रांगत होती. गोदामात पाळणाघर व्हावे, ही सूचना तिचीच. दुसरी सूचना व्यायामशाळेची होती.

सभा संध्याकाळी भरली. मुलगी ड्यूटीवर होती. ज्यांना पाळणाघर हवे होते त्या बहुतेक बायका मुले सांभाळत घरी अडकल्या. मावशींनी पाळणाघरासाठी हात वर केला आणि मत मोजून झाल्यावर खाली घेतला. व्यायामशाळेचा ठराव आरामात मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड अधिकारी स्वतः दुकानात आले.

“मावशी, सभेची चूक झाली हो. तुम्ही फक्त म्हणा. तांत्रिक हरकतीची एक ओळ लिहितो, फाइल झोपली समजा.”

“आणि साहेब, मग तिला उठवायचं कोणी?”

“तुम्हीच! आजवर तुम्हीच तर उठवत आलात.”

“तेच तर मोडायचं ठरलंय ना आता?” असे म्हणून मावशींनी त्यांच्या हातातले कागद मशीनवर ठेवले आणि किती प्रती हव्यात ते विचारले.

घरी हे कळायला वेळ लागला नाही.

“आई, लोकांच्या गटारासाठी शब्द टाकलास, आणि माझ्या पोरीसाठी जीभ उचलेना तुझी?”

“गटार कोणी मत देऊन तुंबवलं नव्हतं गं.”

“मतं दिली कोणी? ज्यांना गरज होती त्या घरात बसल्या होत्या!”

“ते मला दिसलं.”

“दिसलं, आणि तरी गप्प?”

“आज मी शब्द टाकून ठराव थांबवला, तर उद्या सभेला कोण जाईल? सगळे माझ्या काउंटरवर येतील.”

“येऊ देत की! इतकी वर्षं आलेच ना?”

मुलीला कक्षप्रमुखाची जागा मिळायची होती. रात्रपाळीची अट होती आणि जागरणानंतर दिवसा बाळाला ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने ती नाकारली. पुढचे कित्येक दिवस ती आईशी बोलली ती फक्त बाळाच्या दुधापुरती.

मावशींच्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी खोडून काढू शकत नाही. पण त्या नुसत्या गप्प बसल्या नाहीत. पुढच्या सभेच्या संध्याकाळी त्यांनी काउंटर भिंतीला लावला, मशीनची वायर काढली, जमिनीवर चटया अंथरल्या आणि शटरवर कागद चिकटवला: ‘सभेला जायचे आहे? मूल इथे ठेवा.’ थोड्याच वेळात जिन्याखाली असा कल्ला उडाला की कार्यालयाचा पहारेकरी चौकशीला आला.

“काय मावशी, धंदा बदलला वाटतं?” व्यायामशाळेच्या बाजूचा एक जण जाता जाता म्हणाला.

“तुझंही आणून सोड. बायकोला सभेला पाठव. तू नाही गेलास तरी अडणार नाही कोणाचं.”

तो हसला. पण मूल खरेच आणून सोडले, आणि बायकोही सभेला गेली.

प्रत्येक सभेला हेच चालू राहिले. मुले सांभाळायची तर मावशींना सभेला जाता येईना. म्हणजे त्यांचे मतही गेले. हळूहळू वस्तीची गाऱ्हाणी थेट सभेत मांडली जाऊ लागली. काउंटरवर येणारे आता प्रती काढून निघून जात. कार्यालयातल्या नव्या कारकुनांना समोरच्या दुकानातल्या बाई कोण, हे ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. एक संपूर्ण वस्ती जिच्या शब्दावर चालत असे, तिने तो शब्द स्वतःहून, आणि घरातली नाराजी पत्करून, काढून घेतला. सत्तेचे विकेंद्रीकरण हा आमच्या लेखनातला जडजड शब्द आहे. तो आचरणात कसा दिसतो हे मला त्या चटयांवर दिसले.

२०१३ साली सभेने बहुमताने गोदामाची दिवसाची वेळ पाळणाघराला दिली. मावशींची नात त्याच वर्षी पहिलीत गेली.