महालक्ष्म्यांचं पुरण आणि माझं पोट

माणसं लग्नाला गेली की आधी नवरी कशी आहे ते पाहतात. मी आधी संडास कुठं आहे ते पाहते. तुम्हाला हसू येईल, पण ज्याच्या पोटात कोलायटिस बसला आहे त्याला विचारा. देऊळघाटहून बुलढाणा म्हणजे काही लांब नाही, एस.टी.त बूड टेकलं न टेकलं की उतरायची वेळ होते. तेवढ्या रस्त्यातही माझा जीव मुठीत असतो. हे दुखणं एकदा उठ म्हणालं की दम धरत नाही. कंडक्टरला काय सांगणार?

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. म्हणाले, "आजी, तुमच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. रक्त तिथूनच जातं. हे कायमचं जाणारं नाही, पण गोळ्या नेमानं घेतल्या तर शांत राहील." घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, आतड्याला थोडी सूज आहे. रक्ताचं फक्त आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या मालकांना ठाऊक. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि माझ्या धाकट्या जावेला तर मुळीच नाही. ते का, ते सांगते.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य. तो रांधणारी सोवळ्यात असते. डोक्यावरून पाणी घ्यायचं, आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं नेसायचं, ते लुगडं कोणी शिवायचं नाही. मध्ये संडासला जावं लागलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि आमच्या घरचा आणखी एक नेम आहे, तो गावात दुसरीकडे मी पाहिला नाही. पुरण जिनं चुलीवर चढवलं तिनंच ते उतरवायचं. मध्येच दुसरीनं सराट्याला, म्हणजे पुरण हलवायच्या उलथन्याला, हात लावला तर त्या वर्षापासून नैवेद्य तिचा. माझ्या हाती तो असाच आला. सासूबाईंना चुलीपुढं भोवळ आली, पुरण लागायला लागलं, म्हणून मी सराटा धरला. त्या उठल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, पण महालक्ष्म्यांच्या दिवसात चुलीकडे त्यांनी पाठच केली. ती पाठ मला अजून दिसते.

आता कळलं ना, जावेला का सांगितलं नाही ते? तिचं तोंड आधीच चालतं, त्यात हे कळलं तर सराटाही तीच मागेल. आम्ही एकाच आवारात राहतो, चुली वेगळ्या, महालक्ष्म्या एक.

मागच्या वर्षी पोट आधीच कुरकुरत होतं. मी मनाशी हिशोब केला, पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? म्हणून आदल्या दिवशी सकाळपासूनच जेवण बंद. सुनेनं विचारलं, "आई, ताट वाढू?" मी म्हटलं, उपास आहे. आता गोळी जेवणानंतरची. जेवणच नाही तर गोळी कशी घ्यायची? तीही राहिली. मला वाटलं, झालं, बंदोबस्त झाला.

सकाळी न्हाऊन लुगडं नेसले, डाळ शिजत घातली, आणि पोटात पीळ पडला. धावले. अन्नाचा कण नव्हता, नुसतं रक्त आणि चिकट शेम. भिंतीला हात टेकून उठले. पुन्हा न्हाले. नेसायला दुसरं सोवळ्याचं लुगडं नव्हतं, तेच पिळून ओलं नेसले. डाळ उपसली आणि परत गेले. परत न्हाले.

नळावर जाऊ भांडी विसळत होती. म्हणाली, "काऊन वं बाई, आज न्हाऊनच राह्यल्या तुम्ही! महालक्ष्म्यायलेबी एवढं पाणी लागत नाही."

"गरम होते मले," मी म्हटलं.

"हाव, दात वाजून राह्यले गरमीनं."

वाटलं, हिनं ओळखलं. मग वाटलं, नाही, नुसती चेष्टा करते. आत जाऊन गूळ आणि डाळ पितळेच्या गंजात एकत्र केली आणि गंज चुलीवर चढवला. पाहुणे ओसरीवर यायला लागले होते. समोर दोघी महालक्ष्म्या नटून उभ्या, कोऱ्या साड्या, नाकात नथी, पायाशी त्यांची बाळं. मी मनात म्हटलं, बायांनो, एवढं पुरण उतरू द्या. मग काय करायचं ते करा.

पुरण पातळ झालं, रटरटायला लागलं. ही वेळ अशी असते की सराटा थांबवता येत नाही, थांबला की बुडाला लागलंच. आणि नेमकी तेव्हाच कळ आली. मी दात आवळले, पाय आवळले, मांडी घालून बसले, उकिडवी बसले. कपाळावरचा घाम गंजात पडू नये म्हणून मान वळवली, तर दारात जाऊ उभी. डोक्यावरून पाणी निथळत होतं. अंगावरच्या लुगड्यासकट तिनं बादली ओतून घेतली होती.

"उठा," ती म्हणाली.

"काही नाही झालं मले."

"बाई, मागच्या उन्हाळ्यात तुमचं लुगडं दांडीवर होतं, डाग निघाला नव्हता. मले काय डोये नाहीत? उठा म्हणतो ना!"

माझी नजर सराट्यावर गेली. तिनंही पाहिलं. मला सासूबाईंची पाठ दिसली. मी तिथंच बसून राहिले असते, खरं सांगते, लाज गेली असती तरी बसले असते. ती खाली वाकली. मी सराटा घट्ट धरला. पण तिचा हात सराट्याकडे गेलाच नाही. तिनं चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली, निखारेही पुढं घेतले आणि त्यांवर राख लोटली. रटरट थांबली.

"आता नाही लागत पुरण," ती म्हणाली. "मी हात लावला नाही. जा तुम्ही, नाहीतर इथंच निकाल लागन."

मी गेले. परत येऊन न्हाले तेव्हा तिनंच माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, धरून आणलं, लाकडं पुन्हा चुलीत सारली. पुरण मीच उतरवलं. आरतीला मात्र उभी राहू शकले नाही.

विसर्जन झाल्यावर मुलगा बुलढाण्याला घेऊन गेला. डॉक्टर रागावले. "अन्न बंद केल्यानं हे थांबत नाही, आजी. रक्त जखमेतून येतं, ताटातून नाही. आणि गोळी कोणाला विचारून सोडली?" काय सांगणार, महालक्ष्म्यांना विचारून? औषध बदललं. आता बरं असतं, म्हणजे कधी असतं, कधी नसतं. सकाळी उठले की आधी पोटाकडे कान देते. आज शांत असलं तर उद्याची भीती वाटते. अशीच सवय झाली आहे.

आता श्रावण सरत आला. परवा जाऊ येऊन माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, "यंदा कसं करायचं?"

"का बरं? तुले सराटा पाहिजे का?"

"मले कायले पाहिजे? जड आहे तो." मग हसली. "दोघी सोवळ्यानं राहू. तुम्ही चढवा. जमलं तर उतरवा. नाही जमलं तर मी धरतो. पण ओसरीवर जाऊन बसाल तर पाहा! चुलीपाशीच बसा, मले गोडाचा अंदाज नाही येत."

पोटात गुरगुरलं, तिलाही ऐकू गेलं असेल.

"दांडीवर जागा आहे का?" मी विचारलं.

"हाव. काऊन?"

"यंदा दोन लुगडी वाळत घालजो."